सरमेचा प्रश्न

महाभारताच्या आरंभी एक कुत्रे आहे आणि शेवटीही एक कुत्रे आहे. शेवटचे सर्वांच्या परिचयाचे आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी व चौघे भाऊ एकामागून एक गळून पडले तरी जे युधिष्ठिराच्या मागे चालत राहिले, आणि ज्याला टाकून एकट्याने इंद्राच्या रथात पाऊल ठेवण्याचे धर्मराजाने नाकारले, ते हे कुत्रे. आरंभीचे मात्र बहुतेकांच्या स्मरणात नसते. आदिपर्वातील पौष्यपर्वाच्या प्रारंभीच ती कथा येते. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असता देवशुनी सरमा हिचे पिलू तेथे आले. जनमेजयाच्या तिघा भावांनी त्यास मारले. ते रडत आईकडे गेले. कोणतीही शहाणी आई करील त्याप्रमाणे सरमेने आधी त्याचीच चौकशी केली. तूच काही अपराध केला असशील, असे ती म्हणाली. पिलाने सांगितले, की आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही आणि त्यास जीभही लावली नाही. तेव्हा सरमा स्वतः यज्ञस्थळी गेली व आपल्या निरपराध पिलास का मारले, असे तिने विचारले. त्या थोर कुळातील एकाही पुरुषाने तिला उत्तर दिले नाही. मग तिने शाप दिला, की ज्याची तुम्हांस कल्पनाही नाही असे भय तुम्हांवर येईल. जनमेजय त्या शापाने इतका हादरला, की त्याचे निवारण करील असा पुरोहित शोधीत तो हिंडू लागला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही ही कथा कायम आहे.

शापाचा भाग आम्ही बाजूस ठेवतो. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो सरमेचा प्रश्न, आणि त्या प्रश्नापुढे राजकुलाने धरलेले मौन. माणसाच्या दारी आलेल्या पिलाचे बरेवाईट झाले तर त्याचा जबाब कोणी द्यावा? कुत्र्यांचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा जातींचा इतिहास लिहितात. कोणती जात कोठून आली, कोणत्या राजाने तिचे कौतुक केले, तिच्या कानांची व शेपटीची ठेवण कशी, इत्यादी. परंतु या जातींमागे एक दुसरा इतिहास आहे, आणि तो जबाबदारीचा आहे. जेथे पैदास करणाऱ्यास आपले पिलू कोणत्या घरी गेले हे ठाऊक होते, आणि घेणाऱ्यासही ते कोठून आले हे ठाऊक होते, तेथे जातही टिकली आणि पिलूही सुखाने राहिले. तो धागा जेथे तुटला तेथे दोहोंचीही दैना झाली. प्रस्तुत लेखात या धाग्याचाच मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो ग्रंथांवरून नव्हे, तर ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील नित्याच्या दर्शनावरून. या शहरांत आता कुत्रे पाळणे ही केवळ श्रीमंतांची हौस राहिलेली नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही मुलांच्या हट्टाखातर एखादे गोंडस पिलू येते. ते विकत घेताना त्याची आई कोणी पाहिलेली नसते. पुष्कळदा ते रस्त्यावरच्या एखाद्या मोटारीजवळ, टोपलीतून, हातोहात घेतलेले असते. सहा-आठ महिन्यांत त्याचे मोठे कुत्रे होते, शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात, फिरवून आणण्यास कोणास वेळ नसतो, औषधपाण्याचा खर्च डोळ्यांवर येतो. आणि मग एके रात्री घोडबंदर रस्त्याच्या कडेस किंवा खाडीच्या बाजूस गळ्यात पट्टा असलेले एक दांडगे, गोंधळलेले जनावर उभे असलेले दिसते. गावठी कुत्र्यांच्या टोळीत त्यास थारा नसतो आणि उकिरड्यावर पोट भरण्याची विद्या त्यास ठाऊक नसते. ‘धोब्याचा कुत्रा, घरचा ना घाटचा’ ही आपली म्हण आजवर आम्ही माणसांसच लावीत होतो. येथे ती अक्षरशः खरी झालेली आढळते.

असे नेहमीच होते काय? जुन्या पुराव्यांकडे पाहता तसे दिसत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्यास जमिनीखाली काही धातूच्या मूर्ती सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे. रथात एक पुरुष उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर, बैल व माणूस यांच्या मधोमध, एक कुत्रे उभे आहे. या मूर्ती ताम्रपाषाणयुगातील मानल्या जातात. ज्याने ती घडविली त्या कारागिरास कुत्र्याविना रथ पुरा वाटला नाही, एवढे तरी तीवरून निश्चित म्हणता येते. महाराष्ट्रभूमीत माणूस, बैल आणि कुत्रे यांचे बिऱ्हाड एकाच रथावरून निघालेले आहे.

त्यानंतरचा एक पुरावा कर्नाटकातील आतकूर येथला आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण व त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांच्या काळात, इसवी सनाच्या ९४९-५० च्या सुमारास, कोरलेल्या तेथील शिलालेखात मनलेर नावाच्या वीराची हकीकत आहे. पराक्रमाबद्दल काय हवे ते माग, असे सांगण्यात आले तेव्हा त्याने गाव किंवा सोने न मागता ‘काळी’ नावाचे एक शिकारी कुत्रे मागितले. पुढे हे कुत्रे एका प्रचंड रानडुकरावर सोडण्यात आले व त्या झुंजीत दोघेही मेले. काळीच्या स्मरणार्थ शिळा उभारण्यात आली, तिच्या पूजेसाठी जमीन तोडून देण्यात आली, आणि ती पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्यास त्या कुत्र्याचे पाप लागेल, असे लेखात नमूद करण्यात आले. येथे कुत्र्यास नाव आहे, त्याचा देणारा ठाऊक आहे, घेणारा ठाऊक आहे, आणि मेल्यानंतरही त्याची काळजी वाहण्याचे काम कोणावर आहे हे दगडावर लिहिलेले आहे. सरमेच्या प्रश्नास इतके सविस्तर उत्तर आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

पुढे सुमारे ११३० साली कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. (ही कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, आमच्या खाडीकाठच्या कल्याणशी तिची गल्लत करू नये.) त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. सारमेय म्हणजे सरमेची संतती. शिकारी कुत्र्यांची लक्षणे व त्यांची निवड हा विषय एका राजाने संस्कृत श्लोकांत बांधावा, यावरून चांगल्या कुत्र्याची पारख ही दक्षिणेत बाराव्या शतकातच एक मान्य विद्या झाली होती, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

ही झाली राजेरजवाड्यांची गोष्ट. सामान्य लोकांत कुत्र्याचे स्थान दुहेरी होते व आजही आहे. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रे असते, आणि त्याचे वाघ्ये देवापुढे स्वतःस त्याचे कुत्रे म्हणवून घेतात. दत्तमूर्तीच्या पायांशी चार कुत्री असतात व भाविक त्यांत चार वेद पाहतात. रायगडावरील वाघ्याची कथा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. तिला शिवकालीन साधनांत आधार सापडलेला नसून राम गणेश गडकरी यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाने ती विशेष प्रसिद्धीस आणली, तरी लोकांस ती खरी वाटावीशी वाटते हेही इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. परंतु हेच लोक एखाद्याची दुर्दशा वर्णन करताना ‘त्याचे हाल कुत्रा खाईना’ असे म्हणतात, आणि शेपूट नळीत घालण्याची म्हणही त्यांचीच. देवळात पूज्य आणि दारात हाड-हाड, अशी ही रीत आहे.

तथापि या दुहेरी वागणुकीतही गावगाड्यात एक व्यवस्था होती. धनगराच्या वाड्यावरील राखणीची कुत्री कळपाबरोबरच वाढत. एखादी कुत्री लांडग्यास न भिणारी निघाली की तिच्या वेतातील पिलू आपणास मिळावे म्हणून ओळखीचे लोक आधीच सांगून ठेवीत. पिलू मागून नेले जाई. त्याची आई सर्वांनी पाहिलेली असे, आणि ते ज्या घरी जाई ते घरही परके नसे. पुढे ते कुत्रे कसे निघाले हे बाजाराच्या दिवशी सहज कळे. या व्यवस्थेस आम्ही नसते सोनेरी पाणी चढवू इच्छीत नाही. नको असलेली पिले, त्यांतही माद्या, गावाबाहेर सोडून देण्याची चाल खेड्यांत होतीच, आणि पुष्कळ पिले उपासमारीने व रोगाने मरत. परंतु जे पिलू एखाद्याने मागून नेले, त्याच्या दोन्ही टोकांस ओळखीचा माणूस असे, हे नाकारता येणार नाही.

ही ओळखीची साखळी आणि शास्त्रशुद्ध निवड या दोहोंचा मेळ आधुनिक काळात आमच्या भागात कोठे बसला असेल तर तो मुधोळ येथे. घटप्रभेच्या काठचे हे गाव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असले तरी तेथील संस्थानिक घोरपडे हे मराठी इतिहासातील एक नामांकित घराणे होते. उंच पाय, निमुळते तोंड, खोल छाती व आत ओढलेले पोट असलेले एक चपळ शिकारी कुत्रे त्या भागात व महाराष्ट्राच्या दक्षिण जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाळले जात असे. व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिम आशियातून आलेल्या कुत्र्यांचे रक्त त्यात असावे असे मानतात, आणि म्हणूनच त्यास ‘कारवान’ हे नाव पडले; लांब केसांच्या प्रकारास ‘पश्मी’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी रानात शिकार करणाऱ्या लोकांजवळची ही कुत्री पाहून, त्यांतील उत्तम नर-माद्या निवडून, दरबारच्या देखरेखीखाली त्यांची पद्धतशीर पैदास चालविली. त्यांनी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांस यांपैकी एक जोडी नजर केली व त्यावरून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले, असे सांगतात. ही भेट १९३७ सालची म्हणून काही ठिकाणी छापले जाते. पण पंचम जॉर्ज १९३६ च्या जानेवारीतच निवर्तले असल्यामुळे ते साल खरे असू शकत नाही. दंतकथा सांगावी, पण तिचा पंचांगाशी मेळ घालून पाहावा.

मुधोळच्या उदाहरणाचे खरे महत्त्व बादशहाच्या नजराण्यात नाही. १९४८ साली संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले आणि दरबारचा आश्रय संपला. ज्या जातीचा आधार केवळ राजवाडा असतो ती राजवाड्याबरोबर नाहीशी होते. ही जात नाहीशी झाली नाही, कारण आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या दारी ती होती. त्यांनी तिला ज्वारीची भाकरी व ताक घालून जगविले. पुढे तिचे भाग्य पुन्हा उघडले. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळला स्थान मिळाले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यक विद्यापीठाने एक संशोधन केंद्र स्थापले. २०१६ च्या सुमारास लष्कराच्या मेरठ येथील केंद्राने या जातीची पिले शिक्षणासाठी घेतली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात देशी कुत्र्यांची नावे घेतली तेव्हा त्यांत मुधोळही होते. ही कीर्ती आनंदाची खरी. परंतु कीर्तीबरोबर मागणी वाढते आणि मागणीबरोबर घाई. रानात मैलोगणती धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले हे जनावर डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडून घातले तर तो त्याचा गौरव नव्हे.

येथवरच्या कथेत कुत्र्यास कोणीतरी ओळखीचा धनी आहे. शहराने ही ओळख पुसून टाकली. मुंबईत मोकाट कुत्र्यांचा सुळसुळाट झाल्यामुळे ठराविक मुदतीत त्यांस मारण्याची परवानगी देणारा नियम १८१३ सालीच झाला होता. १८३२ साली ही मुदत वाढविण्यात आली व प्रत्येक मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे देण्याचे ठरले. आठ आण्यांच्या लोभाने पकडणारे लोक घराघरांत शिरून पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी लोकांत कुत्रे पवित्र. प्रेतास कुत्र्याची दृष्टी पडावी असा त्यांचा विधी आहे. जून १८३२ मध्ये त्यांनी दुकाने बंद ठेवली, त्यांत इतर जातींचे लोकही मिळाले, फौजेची रसद अडविण्यात आली आणि अखेर सैन्य बोलवावे लागले. मुंबईतील पहिल्या मोठ्या दंगलींपैकी ही एक. पुढे जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने अर्ज करण्यात आला, की कुत्र्यांस न मारता शहराबाहेर नेऊन सोडावे. म्हणजे ज्याचा कोणी धनी नाही त्या कुत्र्याचे काय करावे, या वादास आता जवळजवळ दोनशे वर्षे होत आली. त्या काळी दोनच उत्तरे सुचली: मारावे, किंवा दुसरीकडे सोडावे. मुळात ते निर्धनी कसे झाले, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

इतक्यात इंग्लंडात कुत्र्यांच्या इतिहासास निराळेच वळण लागले. १८५९ साली न्यूकॅसल येथे शिकारी कुत्र्यांचे प्रदर्शन भरले व जिंकणाऱ्यांस बंदुका बक्षीस देण्यात आल्या. १८७३ साली लंडनात केनेल क्लब स्थापन झाला, आणि कुत्र्यांच्या वंशावळी छापील पुस्तकात नोंदल्या जाऊ लागल्या. वंशावळ नोंदणे ही चांगलीच गोष्ट. आई-बाप ठाऊक असणे हा जबाबदारीचा पहिला पाया होय. परंतु प्रदर्शनाने दुसरीही एक गोष्ट केली. पूर्वी कुत्रे काय काम करते यावरून त्याची निवड होई. आता ते कसे दिसते यावरून होऊ लागली. चपटे नाक अधिक चपटे, आखूड पाय अधिक आखूड, असे करण्यात चढाओढ लागली. आणि इष्ट रूप लवकर साधावे म्हणून जवळच्या नात्यात जोड्या लावण्यात आल्या. सगोत्र विवाहाचा निषेध करणाऱ्या आमच्या वाचकांस त्याचा परिणाम समजावून सांगावयास नको. श्वास घेताना घरघरणारी, उन्हात गुदमरणारी, कमरेचे सांधे जन्मतःच सैल असलेली कुत्री पैदा झाली. २००८ साली बी.बी.सी.ने एका बोलपटाद्वारे हा प्रकार लोकांपुढे मांडला तेव्हा गहजब झाला, आणि २००९ पासून बाप-लेक, आई-लेक व सख्खी भावंडे यांच्या संततीची नोंद करण्याचे त्या क्लबने बंद केले. इतकी साधी गोष्ट समजण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

हे सर्व आमच्या दारी आले ते आगगाडीच्या मार्गाने, असे म्हणण्यास हरकत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. या रुळांच्या कडेने चाकरमान्यांच्या चाळी उठल्या, चाळींच्या जागी इमारती आल्या, १९८२ साली ठाण्यास व १९८३ साली कल्याण-डोंबिवलीस महानगरपालिका झाली. अंगण गेले, पडवी गेली, शिळी भाकर घालण्याचा उंबरा गेला. मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य थांबविणारी संस्था १८७४ साली निघाली, परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ साली स्थापन झाले, आणि तेथेच १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे दुखण्याखुपण्याची सोय झाली. पण पिलू कोठून येते व कोठे जाते यावर नजर ठेवणारा जो गावचा शेजार होता, त्याच्या जागी शहरात काहीच आले नाही. ती पोकळी बाजाराने भरून काढली.

कायद्याने या पोकळीकडे पाहण्यास फार उशीर केला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील प्रयत्नांमुळे १९६० साली प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यानुसार अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे. परंतु पहिल्या गुन्ह्यास दंड किती? कमीत कमी दहा व जास्तीत जास्त पन्नास रुपये. १९६० साली या रकमेस काही वजन होते. आज हजारो रुपयांस घेतलेले कुत्रे टाकून देणाऱ्यास त्याहून अधिक पैसे त्या ठिकाणी जाण्यायेण्यास लागतात. २००१ साली रस्त्यावरील कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे नियम झाले, त्यांची जागा २०२३ साली नव्या नियमांनी घेतली. मध्यंतरी २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २६१ व्या अहवालात पैदाशीच्या धंद्यास नियम हवेत असे सुचविले, आणि मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीचे नियम प्रसिद्ध केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. अठरा महिन्यांच्या आत मादीची वीण घेऊ नये. वर्षातून एकापेक्षा अधिक व आयुष्यात पाचांपेक्षा अधिक वेते घेऊ नयेत. आठ आठवड्यांच्या आत पिलू विकू नये, ही त्यांतील मुख्य कलमे.

यांतील आठ आठवड्यांचे कलम वाचून पुष्कळांस ते कचेरीतील कारकुनाची लहर वाटते. तसे नाही. पिलाचे डोळे उघडण्यासच दहा-पंधरा दिवस लागतात. तिसऱ्या आठवड्यापासून ते आईजवळ व भावंडांत राहून कुत्र्याचे आचार शिकते. किती जोराने चावले म्हणजे दुसऱ्यास लागते, आईने गुरगुरून सांगितल्यावर मागे कसे सरावे, हे धडे त्यास माणूस देऊ शकत नाही. अमेरिकेत स्कॉट व फुलर या दोघांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा शिकण्याचा काळ तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान असतो, असे दाखविले. पाच आठवड्यांचे पिलू गोजिरवाणे दिसते म्हणून उचलून आणणारा माणूस एक अर्धशिक्षित जनावर घरी आणतो, आणि पुढे ते चावले म्हणजे त्यासच शिक्षा करतो. शिवाय त्या वयात लशी पुऱ्या झालेल्या नसतात. टोपलीतले पिलू घरी आल्यावर चार दिवसांत रक्ताच्या हगवणीने दगावते, हा अनुभव अनेक घरांस आलेला आहे.

तथापि नियम धंद्यास आळा घालतात. घर शोधून देत नाहीत. त्यासाठी आपल्याकडे एक जुनी उपमा तयार आहे. मुलीचे स्थळ पाहताना आपले वडील काय करीत? घर पाहून येत, माणसांची चौकशी करीत, देण्यास नकार देण्याचेही धैर्य बाळगीत, आणि मुलगी दिल्यावरही तिच्यासाठी माहेरचे दार उघडे ठेवीत. पिलाच्या बाबतीत पैदास करणाऱ्याकडून आम्ही एवढीच अपेक्षा करतो. घरी दिवसा कोण असते, सर्वांची संमती आहे की नाही, गावास गेल्यावर कुत्रे कोठे राहील, दहा-बारा वर्षांचा खर्च झेपेल काय, हे त्याने विचारावे. उत्तरे मनास पटली नाहीत तर पैसे परत करून पिलू ठेवून घ्यावे. आणि काही कारणाने ते कुत्रे नकोसे झाले तर रस्त्यावर न सोडता माझ्याकडे आणून द्या, असे दिलेल्या दिवशीच सांगावे. घेणाऱ्यानेही तितकेच कसोशीने वागावे: आई पाहिल्याखेरीज पिलू घेऊ नये, आणि जो आई दाखवीत नाही त्याच्याकडून कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

यावर एक गंभीर आक्षेप आहे व तो आम्ही टाळू इच्छीत नाही. रस्त्यावर इतकी कुत्री असता मुद्दाम नवी पिले पैदा करावीतच कशाला, असे पुष्कळ सहृदय लोक विचारतात. निव्वळ सोबतीसाठी कुत्रे हवे असेल तर त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. आमच्या हवेत पोसलेले, साध्या अन्नावर राहणारे, शेकडो पिढ्या येथेच वाढलेले गावठी पिलू पाळण्यात कमीपणा कसला? हिमप्रदेशातील दाट केसांचे कुत्रे कल्याणच्या वैशाखात दिवसभर धापा टाकीत बसवून ठेवण्यापेक्षा ते शतपटीने बरे. परंतु मुधोळसारखी एखादी जात एकदा नष्ट झाली तर पुन्हा होत नाही. तिचे जतन करावयाचे तर जाणत्या माणसांनी थोडी, पारखलेली व आधीच घरे ठरलेली वेते घेतलीच पाहिजेत. म्हणून आमचा विरोध पैदाशीस नाही. ज्या पैदाशीमागे पिलाचे घर ठरलेले नाही, तिला आहे. मागून नेलेले गावठी पिलू असो वा वंशावळीचे, कसोटी एकच.

आतकूरच्या शिळेवर त्या कुत्र्याची काळजी कोणी घ्यावयाची हे लिहून ठेवले होते, म्हणून हजार वर्षांनंतरही आम्ही त्याचे नाव घेऊ शकतो. ठाण्याच्या रस्त्याकडेस पट्ट्यासह टाकलेल्या कुत्र्याचेही काही महिन्यांपूर्वी कोणीतरी हौसेने नाव ठेवलेले असते. मुलांनी त्या नावाने त्यास हाकाही मारलेल्या असतात. त्या मुलांनी उद्या आई-बापांस विचारले, की आपल्या कुत्र्याने काय अपराध केला होता, तर तो सरमेचाच प्रश्न होय. जनमेजयाचे भाऊ त्या प्रश्नापुढे गप्प बसले. आमच्या घरांत तरी मुलांस त्याचे उत्तर मिळावे. आणि ते देण्याची वेळ पिलू टाकताना नव्हे, तर आणताना असते, एवढे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.